दाबलेलं पान ठेवायचं कुठे?

तळागडाच्या पायथ्याला खरिपाचं भात उभं राहिलं की ई-पीक पाहणीची घाई सुरू होते. १५ ऑगस्ट २०२१ पासून ही नोंद शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून करायची, असं राज्यभर ठरलं. ॲप उघडायचं, गट नंबर निवडायचा, पीक भरायचं, बांधावर उभं राहून फोटो काढायचा. हातातला फोन अनेकदा दोन-तीन जीबी रॅमचा आणि त्यात व्हॉट्सॲपपासून यूट्यूबपर्यंत सगळं आधीच भरलेलं. कॅमेरा हे अशा फोनचं सर्वांत खादाड काम. तो उघडला की एकदम बरीच रॅम लागते आणि कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, ती कुणाकडून तरी काढून घ्यावी लागते. मागे ठेवलेलं कुठलंही ॲप या ओढाताणीत मारलं जाऊ शकतं, मग भरत आणलेला फॉर्म पुन्हा पहिल्यापासून. ते तगलं, तर तगण्यामागे बहुतेक वेळा झेडरॅम नावाची सोय असते. निजलेल्या ॲपची पानं ती दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून, रॅममध्येच ठेवून देते.

दाबण्याच्या गणिताबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे. एलझेडओ, एलझेड४, झेडस्टँडर्ड या दाबण्याच्या पद्धतींच्या वेगाचे तक्ते कुठेही सापडतात. दाबून झाल्यावर तो तुकडा ठेवायचा कुठे, हा प्रश्न मात्र दुय्यम मानला जातो. गेल्या वीस वर्षांत अँड्रॉइडच्याही मुळाशी असलेल्या लिनक्स कर्नलसाठी या कामाच्या निदान पाच-सहा रचना आल्या आणि त्यांतल्या बहुतेक गेल्या. का गेल्या, हे पाहिलं की मूळ अडचण कळते.

कर्नल रॅमचा हिशेब ४०९६ बाइटच्या पानांत ठेवतो. पान दाबलं की त्याचं काय होईल याचा नेम नाही. नुसती शून्यं भरलेलं पान जवळजवळ नाहीसं होतं. झेडरॅम अशा पानासाठी जागाच घेत नाही, फक्त खूण करून ठेवते. मजकुराचं पान हजारभर बाइटवर येतं. आधीच दाबलेल्या जेपीईजी फोटोचं पान तसूभरही कमी होत नाही. म्हणजे सारख्या मापाच्या वस्तू घेणाऱ्या गोदामात आता हजारो वेगवेगळ्या मापांचे तुकडे येणार, आणि कधी कुठला परत मागितला जाईल ते सांगता येणार नाही.

महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत ऑपरेटिंग सिस्टीम शिकलेल्यांना यात ओळखीचं काहीतरी दिसेल. मुंबई आयआयटीचे प्रा. धनंजय ढमढेरे यांचं पाठ्यपुस्तक असो की अच्युत गोडबोले यांचं (मराठी वाचक त्यांना ‘किमयागार’मुळे ओळखतात, पण त्यांचं ऑपरेटिंग सिस्टीमवरचं इंग्रजी पुस्तकही अनेकांनी परीक्षेच्या आदल्या रात्री उघडलं आहे), मेमरी वाटपाच्या प्रकरणात दोन प्रकारची नासाडी शिकवली जाते. मागितल्यापेक्षा मोठा डबा दिला तर डब्याच्या आत जागा वाया जाते. नेमका डबा दिला तर मध्ये मध्ये अशी छिद्रं उरतात, की एकूण मोकळी जागा भरपूर असूनही एकसंध मोठा तुकडा मिळत नाही. एक नासाडी कमी केली की दुसरी वाढते. पुस्तकातलं प्रकरण इथेच संपतं. दाबलेल्या पानांच्या बाबतीत आणखी दोन अडचणी येतात, आणि त्याच जास्त जाचक आहेत.

पहिली वेळेची. साधा ॲलोकेटर, म्हणजे मेमरी वाटून देणारा कोड, जागा असताना जागा वाटतो. या ॲलोकेटरला बोलावणं येतं तेच मुळी जागा संपत आल्यावर. एक पान रिकामं करण्यासाठी त्याचा दाबलेला तुकडा कुठेतरी ठेवायचा, आणि तो ठेवायला आधी नवं पान मागायचं! कर्नल अशा वेळेसाठी थोडी राखीव पानं बाजूला ठेवतो, पण ती मोजकीच असतात. सलग चार-आठ पानांची मागणी तर अशा क्षणी जवळपास व्यर्थच. त्यामुळे सुटी, कुठलीही, विखुरलेली पानं घेऊन भागवता येईल अशीच रचना इथे टिकते.

दुसरी अडचण फायद्याच्या हिशेबाची. इतर ठिकाणी ॲलोकेटरने दहा टक्के जागा वाया घालवली तर कुणी मनावर घेत नाही. इथे सगळा व्यवहारच जागा वाचवण्याचा आहे. समजा एक पान दाबून २१०० बाइटचं झालं. कर्नलच्या नेहमीच्या केमॅलॉक या ॲलोकेटरकडे ते दिलं तर त्याच्याकडे २०४८ नंतरचा डबा थेट ४०९६चा. प्रोसेसरने मेहनत करून जवळपास निम्मी जागा मोकळी केली आणि ॲलोकेटरने ती सगळी परत गिळली. बचत शून्य, वर दाबण्याचा खर्च डोक्यावर.

कल्पना जुनी आहे. फ्रेड डग्लिस यांनी १९९३ मध्ये स्प्राइट या संशोधनासाठीच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर दाबलेल्या पानांचा साठा करून पाहिला. काही प्रोग्रॅम वेगवान झाले, काही मंदावले. तेव्हाचे प्रोसेसर दाबण्याच्या कामाला पुरे पडत नव्हते. बाजाराला मात्र तोवर वास लागला होता. मॅकसाठी कनेक्टिक्सचं रॅम डबलर आलं. विंडोजसाठी सिंक्रोनिसचं सॉफ्टरॅम ९५ आलं आणि धडाक्याने खपलं. पुढे तपासणीत उघड झालं की ते काहीच दाबत नव्हतं, पडद्यावर आकडे तेवढे दुप्पट दाखवत होतं. या प्रकरणामुळे पुढची कित्येक वर्षं ‘रॅम दुप्पट करणारं सॉफ्टवेअर’ म्हटलं की लोक हसत. कल्पनेची खरी वकिली पॉल विल्सन, स्कॉट कॅप्लन आणि यानिस स्मारागडाकिस यांनी १९९९ च्या निबंधात केली. प्रोसेसर दरवर्षी झपाट्याने वेगवान होतात आणि डिस्क तशा होत नाहीत, म्हणून हा सौदा वर्षागणिक अधिक फायद्याचा होत जाणार, असा त्यांचा मुद्दा होता. तो खरा ठरला. २०१३ मध्ये ॲपलने मॅकमध्ये ही सोय दिली, २०१५ मध्ये विंडोज १० मध्ये ती आली.

लिनक्समधल्या गोष्टीची सुरुवात नितीन गुप्ता या भारतीय प्रोग्रॅमरच्या कॉम्पकॅश या प्रकल्पापासून धरावी लागते. झेडरॅम हे त्याचंच पुढचं रूप. सुरुवातीला त्यांनी टीएलएसएफ हा रिअल-टाइम कामांसाठी घडवलेला ॲलोकेटर वापरला, मग त्याच विचारावर बेतलेला एक्सव्हीमॅलॉक स्वतः लिहिला. यात तुकडा नेमक्या मापाने ठेवता येई आणि शोधही झटपट लागे. पण एक अट होती: तुकडा एका पानाच्या हद्दीत मावला पाहिजे. अर्ध्या पानाहून मोठा तुकडा एकदा ठेवला की उरलेल्या जागेत दुसरा तेवढाच मावत नाही, आणि अर्ध्याहून थोडे मोठे तुकडे तर सर्रास येतात. छोट्या तुकड्यांसाठी ही रचना उत्तम होती, पण खरी गर्दी होती तिथेच ती उघडी पडली.

इथून दोन वाटा फुटल्या.

एक वाट साधेपणाची. सेथ जेनिंग्ज यांनी लिहिलेला झेडस्वॅप २०१३ च्या सप्टेंबरात लिनक्स ३.११ मध्ये आला, तो झेडबड हा ॲलोकेटर घेऊन. एसटीतल्या दोघांच्या बाकासारखा त्याचा हिशेब: एका पानात जास्तीत जास्त दोन तुकडे, एक डावीकडून टेकलेला, दुसरा उजवीकडून. तिसऱ्याला जागा दिसली तरी बसू द्यायचं नाही. यात बचतीची कमाल मर्यादा निम्मी. पान दाबून शंभर बाइटचं झालं तरी निम्म्याहून जास्त वाचणार नाही. आणि वरचं २१०० बाइटचं उदाहरण घेतलं तर तसे दोन तुकडे एकत्र बसतच नाहीत.

मग ही रचना स्वीकारली का? कारण झेडस्वॅपचं काम झेडरॅमहून वेगळं आहे. झेडरॅम हीच स्वॅपची, म्हणजे वापरातून बाजूला काढलेली पानं ठेवण्याची, जागा असते. झेडस्वॅप हा खऱ्या डिस्कवरच्या स्वॅपआधीचा थांबा आहे. तो भरत आला की सर्वांत जुनी पानं डिस्कवर ढकलून रॅम परत द्यायची असते. झेडबडमध्ये एक भौतिक पान रिकामं करायला जास्तीत जास्त दोन तुकडे बाहेर काढावे लागतात. किती काम पडेल ते आधीच माहीत. दाट रचनेत एका पानात पन्नास तुकडेही असू शकतात आणि त्यांतले निम्मे कालच वापरलेले असू शकतात. एक पान मिळवण्यासाठी ते सगळे हुसकावायचे का? त्या वेळी हा युक्तिवाद बिनतोड वाटला. पुढे व्हिटाली वूल यांनी २०१६ मध्ये झेडथ्रीफोल्ड आणला. त्यात दोघांऐवजी तिघे, बचतीची कमाल मर्यादा दोन तृतीयांश. मधल्या तुकड्याला इकडेतिकडे सरकवण्याची मुभा दिल्यामुळे त्याच्या कुलूपबंदीचा, म्हणजे लॉकिंगचा, गुंता झाला आणि त्यातून बग येत राहिले.

दुसरी वाट गुप्ता यांचीच, झेडएसमॅलॉकची. २०१२ मध्ये ती कर्नलच्या प्रायोगिक विभागात आली आणि २०१४ मध्ये लिनक्स ३.१४ मधून झेडरॅमबरोबर मुख्य घरात शिरली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत सुंदर भाग हाच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

झेडएसमॅलॉक मापांचे वर्ग पाडतो. ४०९६ बाइटच्या पानावर दर १६ बाइटला एक वर्ग, सर्वांत लहान ३२ बाइटचा. डब्यांची मापं इतकी जवळ जवळ असल्यामुळे डब्याच्या आतली नासाडी जवळजवळ उरत नाही. पण १६ बाइटचे वर्ग पाडले की प्रत्येक माप पानाला नीट भागत नाही आणि शेपटाला जागा उरते. त्यावरचा उपाय असा: एकच पान न घेता चार सुट्या पानांपर्यंत साखळी करायची आणि ती जणू सलग आहे असं मानून तुकडे कापत जायचं. पानाच्या शेवटी तुकडा अर्धा राहिला तर उरलेला पुढच्या पानावर. कुठल्या मापाला किती पानांची साखळी घेतली तर शेपूट सर्वांत लहान राहील, ते आधीच गणित करून ठरवलेलं असतं.

आता २१०० बाइटचा तुकडा घ्या. त्यात आठ बाइट नोंदीचे मिळवून तो २११२च्या वर्गात जातो. चार पानांच्या साखळीत, म्हणजे १६,३८४ बाइटमध्ये, असे सात तुकडे बसतात. सात पानं चार पानांत मावली. केमॅलॉकला आणि झेडबडला याच सात पानांसाठी सात पानं लागली असती. २७२० बाइटचं माप याहून देखणं: दोन पानांत तीन तुकडे आणि वाया जातात अवघे ३२ बाइट. ज्या वर्गांची साखळी तेवढ्याच पानांची आणि तुकडेही तेवढेच, ते वर्ग एकत्रही केले जातात. नाहीतर प्रत्येक वर्गापाशी एकेक अर्धवट भरलेली साखळी पडून राहिली असती.

साखळीतली पानं भौतिकदृष्ट्या सलग नाहीत, त्यामुळे दोन पानांवर पसरलेला तुकडा वाचायचा तर तो आधी एका वेगळ्या बफरमध्ये जोडून घ्यावा लागतो. हा एक खर्च झाला. दुसरा खर्च अप्रत्यक्ष पत्त्याचा. हा ॲलोकेटर मागणाऱ्याला थेट पत्ता देत नाही, हॅन्डल देतो. ते हॅन्डल अशा एका नोंदीकडे नेतं, जिथे तुकडा कुठल्या पानात कितव्या क्रमांकावर आहे ते लिहिलेलं असतं. दर वेळी तुकडा वापरण्यापूर्वी पत्ता विचारायचा आणि काम झालं की सोडून द्यायचा. वरवर हा नुसता वळसा आहे. त्याचं मोल २०१५ मध्ये कळलं.

काही दिवस चाललेल्या फोनमध्ये होतं काय, तर तुकडे येतात-जातात, साखळ्या अर्धवट रिकाम्या होतात. एका वर्गाच्या दहा साखळ्यांत प्रत्येकी दोनच तुकडे उरले, तर दहाही साखळ्या अडकून पडतात. मिनचान किम आणि सर्गेई सेनोझात्स्की यांच्या कामातून झेडएसमॅलॉकमध्ये आवराआवर, म्हणजे कॉम्पॅक्शन, आलं. विरळ साखळीतले तुकडे उचलून त्याच वर्गाच्या भरत आलेल्या साखळीत ठेवायचे आणि विरळ साखळी परत करायची. वर्ग एकच म्हणजे माप एकच, त्यामुळे कुठे मावेल याचा शोध घ्यायला लागत नाही. कुठलीही रिकामी जागा चालते. आणि बाहेर कुणाकडेच खरा पत्ता नसल्यामुळे हॅन्डलमागची नोंद बदलली की काम झालं. सी भाषेतल्या साध्या मॅलॉकला हे कधीच जमत नाही. त्याने दिलेला पत्ता कुठे कुठे जपून ठेवला गेला आहे, ते त्याला माहीत नसतं.

२०१६ मध्ये हाच धागा पुढे गेला. झेडएसमॅलॉकची पानं कर्नलच्या दृष्टीने अचल असत, म्हणजे जिथे बसली तिथे कायमची. कॅमेऱ्याला किंवा कर्नलच्या दुसऱ्या कुठल्या भागाला सलग मोठी जागा हवी असली की ही विखुरलेली अचल पानं आडवी येत. दाबून जागा वाचवणारी सोयच मोठ्या जागेची कोंडी करत होती. किम यांनी ती पानं उचलून दुसरीकडे ठेवण्याजोगी केली, तीही हॅन्डलच्याच जोरावर.

साखळीच्या लांबीचा किस्साही सांगण्यासारखा आहे. चार पानांची साखळी म्हटली की उपयोगाचं सर्वांत मोठं माप ३२६४ बाइटचं: चार पानांत पाच तुकडे. त्याहून मोठा तुकडा आला की तो सरळ पूर्ण पान अडवणार, म्हणजे दाबणं फुकट. सेनोझात्स्की यांनी २०२३ मध्ये ही लांबी कर्नल बांधताना निवडता येईल अशी केली आणि काही न निवडल्यास ती आठ पानांची ठेवली. आठ पानांत नऊ तुकडे बसवायचे तर माप ३६३२ बाइटपर्यंत जातं. ३३०० बाइटवर येणारी जी पानं आधी हिशेबाबाहेर पडत, त्यांनाही आता जागा झाली. पण लांब साखळीची किंमतही आहे. पहिला तुकडा ठेवतानाच आठ पानं एकदम मागावी लागतात, तीही नेमक्या तंगीच्या वेळी, आणि शेवटचा तुकडा जाईपर्यंत त्यांतलं एकही परत मिळत नाही. एक जीबीच्या फोनला आणि शंभर जीबीच्या सर्व्हरला एकच लांबी योग्य असेल, असं मला वाटत नाही.

या दोन वाटांचा वाद मिटला तो एका वेगळ्याच बदलामुळे. कुठलं पान सर्वांत जुनं याची यादी इतकी वर्षं ॲलोकेटरच्या पोटात होती. झेडबड आणि झेडथ्रीफोल्डमध्ये ती भौतिक पानांची यादी होती. झेडएसमॅलॉकलाही झेडस्वॅपच्या सोयीसाठी तशी जोडून पाहिली गेली. २०२३ मध्ये डोमेनिको चेरासुओलो यांच्या कामाने ती ॲलोकेटरमधून काढून झेडस्वॅपकडे दिली. मग यादी तुकड्यांची झाली. कुठला तुकडा जुना, ते झेडस्वॅप बघेल; तुकडे कसे रचायचे आणि रिकाम्या जागा कशा आवरायच्या, ते ॲलोकेटर बघेल. एक पान रिकामं करायला किती तुकडे हुसकावायचे, हा प्रश्नच उरला नाही. त्याबरोबर झेडबडचा एकमेव बळकट मुद्दाही गेला. २०१३ चा निर्णय त्या वेळच्या मांडणीत बरोबर होता, चुकीची होती ती मांडणी, असं माझं मत आहे. दोन निराळी कामं एकाच ठिकाणी बांधली गेल्यामुळे दहा वर्षं लोक दाटपणा की निश्चितता यावर भांडत राहिले. २०२५ मध्ये झेडबड आणि झेडथ्रीफोल्ड दोन्ही कर्नलमधून काढून टाकण्यात आले.

त्याच वर्षी वूल झेडब्लॉक नावाची नवी रचना घेऊन पुन्हा आले. मोजक्या, पारखून निवडलेल्या मापांचे ठोकळे आणि सोपा, वेगवान कोड, असा तिचा दावा. त्यावर कर्नलची देखभाल करणाऱ्यांनी विचारलं की जे हवं आहे ते झेडएसमॅलॉकमध्येच का सुधारू नये. प्रश्न रास्त आहे. तरी एकाच ॲलोकेटरची मक्तेदारी मला पूर्ण पसंत नाही. झेडएसमॅलॉकच्या वाचनाच्या वाटेवरची जुनी अडचण, म्हणजे तुकडा हाताळताना त्या कोडला मध्येच थांबायला मनाई, बाहेरून दडपण आल्याशिवाय कितीतरी वर्षं तशीच राहिली होती. ती २०२५ मध्ये सुटली.

आपल्याकडच्या बाजारात याचा उपयोग कसा झाला, ते थोडक्यात. अँड्रॉइड ४.४ ने २०१३ मध्ये ५१२ मेगाबाइटच्या फोनसाठी झेडरॅमची शिफारस केली. २०१४ च्या ऑगस्टमध्ये फायरफॉक्स ओएसवरचा इंटेक्स क्लाउड एफएक्स १,९९९ रुपयांना भारतात आला. त्याची रॅम १२८ मेगाबाइट, आणि झेडरॅमशिवाय त्यात ब्राउझर हाकणं अवघड होतं. फोन रखडतच चाले, ती गोष्ट वेगळी. दुसऱ्या टोकाला गूगलने २०१९ च्या निबंधात आपल्या डेटा सेंटरमधली थंड पडलेली पानं याच मार्गाने दाबून मेमरीचा खर्च चार-पाच टक्के उतरवल्याचं मांडलं. त्या प्रमाणावर चार टक्के म्हणजे किती पैसे, याचा अंदाज वाचकाने करावा.

पुढचे प्रश्न पानाच्या आकारापाशी येऊन ठेपले आहेत. अँड्रॉइड १५ पासून १६ किलोबाइटच्या पानांची तयारी झाली. पान मोठं झालं की वर्गांमधलं अंतर १६ वरून ६४ बाइटवर जातं. मोठा भाग एकत्र दाबला तर तो अधिक चांगला दबतो, म्हणून ओप्पोच्या अभियंत्यांनी २०२४ मध्ये अनेक पानं मिळून एकच तुकडा करण्याचा प्रस्ताव मांडला. पण मग त्यातलं एकच पान हवं असलं तरी सगळं उलगडावं लागतं.

घरी लिनक्सचा लॅपटॉप असेल आणि त्यावर झेडरॅम चालू असेल, तर झेडरॅमच्या एमएमस्टॅट या फाइलमध्ये पहिले तीन आकडे ओळीने दिसतात: मूळ किती बाइट आले, दाबून किती झाले आणि प्रत्यक्षात किती रॅम अडली. बहुतेक लेख पहिल्याला दुसऱ्याने भागून छान गुणोत्तर छापतात. भागायचं असतं तिसऱ्याने. दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यांतला फरक म्हणजे ॲलोकेटरने खाल्लेली जागा. यंत्र नुकतंच चालू केलं तेव्हा आणि आठवडाभर वापरल्यावर, असा दोन वेळा तो फरक पाहावा.